पान आणि दिवा : कमी उजेडातील पडद्यावरच्या वाचनाविषयी

दिवाळीच्या दिवसांत देगलूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मुंबईत तो आणखी वीसएक मिनिटे रेंगाळतो. घड्याळ साऱ्या देशाचे एकच, पण देगलूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ पाच रेखांश सरकलेले, म्हणून हा फरक. सहाला दिवे लागतात आणि जेवणे आटोपून अंथरुणे पडेपर्यंत जो वेळ हाती राहतो, तोच बहुतेकांचा वाचनाचा वेळ. हे वाचन आता मोठ्या प्रमाणात मोबाईलच्या पडद्यावर होते. नांदेड इथून ऐंशीएक किलोमीटर, हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ. अशा सीमेवरच्या तालुक्याच्या गावी हवे ते मराठी पुस्तक कागदावर मिळायला वाट पाहावी लागते. पडद्यावर ते त्याच रात्री उघडते. जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, ज्ञानेश्वरी, वर्तमानपत्र, सगळे त्या हातभर अंतरावरच्या चौकटीत.

आणि मग तक्रारी सुरू होतात. डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते, अक्षरे तरळतात, पडल्यावर झोप येत नाही. याचे खापर सरसकट ‘मोबाईल’वर फुटते. प्रत्यक्षात यातला मोठा वाटा एका साध्या पट्टीचा आहे. पडद्यावर बोट वरून खाली ओढले की जी पट्टी दिसते, ब्राइटनेस कमी-जास्त करण्याची, ती बहुतेकांनी फोन घेतला त्या दिवशी जिथे होती तिथेच राहू दिलेली असते, किंवा चार्जिंग पुरावे म्हणून पार तळाला नेलेली असते. ती नेमकी कुठे असावी, याचे उत्तर मात्र त्या पट्टीकडे पाहून मिळत नाही. ते खोलीकडे पाहून मिळते.

आधी एक जुनी भीती बाजूला काढू. अंधारात वाचू नकोस, डोळे जातील, हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठा झालेला नाही. २००७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रेचेल व्रीमन आणि एरन कॅरल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी वैद्यकीय गैरसमजुतींवर लेख लिहिला. डॉक्टरांनाही खऱ्या वाटणाऱ्या सात समजुती त्यांनी तपासल्या, त्यांत ही एक होती. त्यांचा निष्कर्ष असा की मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, कोरडे पडतात, तात्पुरते धूसर दिसते. पण विश्रांतीने ते पूर्ववत होतात, दृष्टी कायमची अधू होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांच्या वाढत्या जवळच्या नंबराचा संबंध रात्रीच्या दिव्यापेक्षा दिवसाच्या उन्हाशी अधिक आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर काढण्याचा कार्यक्रम राबवला, तो याच कारणाने. तेव्हा आजीची काळजी रास्त होती, तिचा रोख तेवढा चुकला होता. अंधारातले वाचन डोळे घालवत नाही, पण छळते. हा छळ टाळता येण्याजोगा आहे.

त्यासाठी थोडा हिशेब लागेल. प्रकाश मोजण्याची दोन मापे इथे उपयोगी आहेत. एखाद्या वस्तूवर किती उजेड पडतो ते ‘लक्स’मध्ये मोजतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर साधारण एक लक्स उजेड पाडते. दुसरे माप, त्या वस्तूकडून आपल्या डोळ्यांकडे किती उजेड येतो याचे. ते ‘निट’मध्ये मोजतात. कागदावर उजेड पडतो, त्यातला काही तो परत फेकतो. पांढरा कागद पडलेल्या उजेडाचा सुमारे चार पंचमांश परत करतो, तोही सगळ्या दिशांना विखरून. त्यामुळे लक्सचा आकडा घ्यायचा, त्याला आठ दशांशाने गुणायचे आणि ३.१४ ने भागायचे, की कागद किती निट उजळ दिसेल ते कळते. सोप्या भाषेत, लक्सचा चौथा हिस्सा.

आता हे आकडे घरात आणू. मेणबत्ती पुस्तकापासून फूटभर अंतरावर असेल तर पानावर सुमारे अकरा लक्स पडतात आणि पान तीनएक निट उजळते. चांगला कंदील पाच-सहा मेणबत्त्यांइतका जळतो. तो अर्ध्या मीटरवर ठेवला तर पान पाच-सहा निटांपर्यंत जाते. आजच्या एलईडी बल्बखाली, खोलीच्या मध्यावर, शंभर लक्स मिळाले तर पान पंचवीस निट. आणि आपला झिरोचा बल्ब? तो नावाला झिरो, जुना असेल तर खातो बारा-पंधरा वॅट, पण दोन मीटरवरच्या गादीवर त्याचा उजेड जेमतेम दोन लक्स. त्यात धरलेला कागद अर्धा निट.

या रांगेत मोबाईल उभा करून पाहा. पट्टी पूर्ण वर नेली तर आजचा साधा फोनही चारशे-पाचशे निट देतो. उन्हात तो आपणहून हजाराच्या पुढे जातो. एलईडी बल्बखाली वाचणाऱ्याच्या हातात असा फोन असेल तर तो शेजारच्या कागदाच्या वीसपट उजळ आहे. झिरोच्या बल्बात तोच फोन हजारपट. पट्टी पार तळाला नेली तरी बरेच फोन दोन निटांच्या आसपास थांबतात, म्हणजे झिरोच्या बल्बातल्या कागदापेक्षा तेव्हाही चौपट उजळ. दुपारच्या उन्हात हाच खेळ उलटा होतो. लाखभर लक्स उन्हात कागद पंचवीस हजार निटांनी झळाळतो आणि बिचारा फोन काळी पाटी दिसतो.

कार्यालयांच्या प्रकाशयोजनेत एक जुना संकेत आहे. ज्या कामाकडे पाहायचे ते लगतच्या परिसरापेक्षा साधारण तिपटीहून उजळ नसावे, आणि दूरच्या भिंतींच्या दहापटीहून उजळ नसावे. कागद आणि दिवा वेगळे असतात तेव्हा हा संकेत आपोआप पाळला जातो, कारण जो दिवा पान उजळतो तोच भिंत, गादी आणि वाचणाऱ्याचा हात उजळतो. दिवा मंदावला की पान मंदावते, खोलीही मंदावते. प्रमाण तेच राहते. फोनने हे प्रमाण मोडले. त्याचे पानच दिवा आहे, आणि खोली अंधारी असली तरी त्याला त्याची खबर असेलच असे नाही.

पूर्वीची रात्रीची वाचने या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. वारकरी संप्रदायात देगलूरचे नाव गुंडामहाराजांच्या परंपरेमुळे आणि पुढे धुंडामहाराज देगलूरकरांच्या ज्ञानेश्वरी-निरूपणामुळे सर्वपरिचित आहे. पोथी हा शब्द इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पोथीच्या वाचनाला एक दिवा लागतो आणि एक वाचणारा. बाकीचे ऐकतात. तेल महाग होते त्या काळात ही व्यवस्था किती काटकसरीची होती! समई वाचणाऱ्याच्या बाजूला, ज्योत नजरेच्या रेषेत येणार नाही अशी. डोळ्यांना दिसते ते उजळलेले पान, दिवा नाही. हस्तलिखित पोथ्यांची अक्षरे ठसठशीत असत, ओळींत जागा सोडलेली असे, आणि शाई काजळाची, डिंकात खललेली. म्हणजे दिव्यानेच जमवलेला काळा रंग पुन्हा दिव्याच्या उजेडात वाचला जाई. काजळाइतका काळा आणि जाड कागदावर उतरलेला तो रंग पाच निटांतही स्वच्छ दिसतो. चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देत; ‘हरताळ फासणे’ तिथूनच आले. मातकट पिवळसर कागदावर, पिवळ्या उजेडात, ती दुरुस्तीही डोळ्यांना खुपत नसे.

पुढे कंदील आला. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला, आणि परीक्षा त्याच्या उजेडात दिलेल्यांची पिढी अजून आपल्यात आहे. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली की ती संध्याकाळी राखेने पुसून काढणे हे घरातल्या धाकट्यांचे काम असे. ब्राइटनेसची पट्टी म्हणजे वात वर-खाली करण्याची ती कडी. फरक एवढाच की कडी फिरवली की सगळी खोली बदलत असे.

आता डोळ्याकडे येऊ. देगलूरपासून जवळच होट्टल आहे, चालुक्यकालीन मंदिरांचे गाव. भर दुपारी तिथल्या सिद्धेश्वराच्या मंदिरात उन्हातून आत पाऊल टाकले की गाभाऱ्याच्या दाराशी क्षणभर काहीच दिसत नाही. थांबलात तर हळूहळू दारशाखा उमटते, मग आतली पिंड. ज्यांना घाई असते ते ‘आत अंधारच आहे’ असे म्हणून परततात. या दोन-चार मिनिटांत डोळ्यांत काय घडते? बाहुली मोठी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती दोन मिलिमीटरवरून फार तर आठपर्यंत जाते, म्हणजे सोळापट उजेड आत घेते. ऊन आणि गाभारा यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा. उरलेले काम दृष्टिपटलावरच्या पेशी करतात; त्या आपली संवेदनशीलता वाढवत नेतात. शंकूच्या आकाराच्या पेशींना अंधार अंगवळणी पडायला पाच-दहा मिनिटे पुरतात. दांड्याच्या आकाराच्या पेशींना अर्धा तास, कधी त्याहून अधिक.

वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की अक्षर ओळखण्याचे काम शंकुपेशींचे आहे. त्या दृष्टिपटलाच्या अगदी मधोमध दाटीने बसलेल्या असतात. दंडपेशी अंधारात तरबेज, पण त्या कडेला असतात आणि त्यांना बारकावा कळत नाही. अंधाऱ्या रात्री मंद तारा थेट पाहिला की नाहीसा होतो, नजर जराशी बाजूला नेली की दिसतो. त्याचे कारण हेच. तारा कडेने पाहता येतो, ‘क्ष’ कडेने वाचता येत नाही. म्हणून पट्टी वाटेल तितकी खाली नेऊन चालत नाही. एका मर्यादेखाली शंकुपेशी कुचकामी होऊ लागतात, अक्षर दिसते पण ओळखू येत नाही, आणि आपण फोन डोळ्यांजवळ ओढतो. अति उजेडाने जितके डोळे थकतात तितकेच ते या ओढाताणीनेही थकतात.

अति उजेडाचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. अंधाऱ्या खोलीत पाचशे निटांची चौकट समोर आली की डोळ्याच्या भिंगात थोडा प्रकाश विखुरतो आणि अक्षरांच्या काळ्या रंगावर धुके चढते. नजर पानावरून उठून भिंतीकडे गेली की डोळ्यांना पुन्हा होट्टलचा गाभारा. पानावर परतली की पुन्हा ऊन. तासभराच्या वाचनात ही ये-जा शेकडो वेळा होते. भारनियमनाचा काळ आठवणाऱ्यांना, रोज दहा-बारा तास वीज नसे त्या वर्षांतला, एक अनुभव ओळखीचा असेल: फोनवर काही पाहून अंगणात उतरलो आणि पायरी चुकली. दंडपेशींनी अर्ध्या तासात कमावलेले दोन क्षणांच्या चकाकीने गेलेले असते.

तर पट्टी कुठे ठेवायची? सांगण्यासारखा उपाय इतका साधा आहे की तो संशोधनपर लेखात यावा का, असा संकोच वाटतो. जिथे बसून वाचणार तिथे, त्याच उजेडात, एक कोरा पांढरा कागद फोनच्या शेजारी धरा. फोनवर पांढऱ्या पार्श्वभूमीचे पान उघडा. मग पट्टी हळूहळू सरकवा, कागद आणि पडदा सारखेच पांढरे दिसेपर्यंत. पडदा दिव्यासारखा पेटलेला वाटेनासा झाला आणि राखाडीही वाटला नाही, की ती तुमची जागा. हा दिवाळी अंक हाताशी असेल तर त्याचे मलपृष्ठाच्या आतले पान चालेल, जाहिरात नसेल तर. कागद हे इथे मोजमापाचे यंत्रच आहे. त्या खोलीत पांढरा रंग किती निटांचा असतो, हे तो बिनचूक सांगतो.

हे करताना एक लक्षात येईल. झिरोच्या बल्बात पट्टी तळाला नेली तरी पडदा कागदाहून उजळच राहतो. तिथे दोन मार्ग आहेत. पहिला, आणि माझ्या मते नेहमीच अधिक चांगला, खोलीत एक छोटा दिवा लावण्याचा. तो वाचणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला असावा, त्याचे प्रतिबिंब काचेत पडू नये. भिंतीकडे तोंड केलेला तीन वॅटचा एलईडी पुरतो. भिंत थोडी उजळली की तिचा आणि पानाचा मेळ बसतो. समईची जागा जिथे होती, साधारण तिथेच हा दिवा येतो. दुसरा मार्ग फोनच्या सेटिंगमध्ये आहे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून ‘एक्स्ट्रा डिम’ नावाची सोय मिळते. पट्टी तळाला गेल्यावरही पडदा आणखी मंद करता येतो. आयफोनमध्ये ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ हेच काम करते. दोन्ही सोयी ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या यादीत ठेवलेल्या आहेत, म्हणून बहुतेकांना त्या माहीत नसतात.

पट्टीचा एक गुणधर्म जाणून घ्यावा. ती निम्म्यावर आणली म्हणजे उजेड निम्मा होतो असे नाही. डोळा उजेडाची बेरीज करत नाही, गुणोत्तरे पाहतो. एका मेणबत्तीत दुसरी मिळवली तर फरक जाणवतो; शंभरांत एक मिळवली तर नाही. वेबर आणि फेक्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात हे मांडले. त्याला अनुसरून २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये पट्टीचे गणित बदलले आणि तिचा खालचा भाग अधिक बारीक पावलांनी विभागला गेला. म्हणून रात्रीची सगळी निवड पट्टीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात होते, आणि तिथे बोट अगदी सावकाश हलवावे लागते.

आता डार्क मोड. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, रात्रीसाठी हेच योग्य, असा समज झाला आहे. एकूण उजेड कमी होतो हे खरे, झोपलेल्याच्या तोंडावर उजेड येऊ नये म्हणून तो उपयोगी हेही खरे. पण वाचन सुलभ होते का? जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ विद्यापीठातील पीपेनब्रॉक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांवर चाचण्या घेतल्या. बारीक तपशील ओळखणे आणि मुद्रितशोधन, दोन्हींत पांढऱ्यावर काळी अक्षरे सरस ठरली, दोन्ही वयोगटांत. कारण बाहुलीत आहे. पडदा काळा असला की ती विस्फारते, आणि मोठ्या बाहुलीतून पडणारी प्रतिमा कमी रेखीव असते. ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती पिसारा दिसतो, तो याचमुळे.

देवनागरीला हा पिसारा रोमनपेक्षा महाग पडतो, असे माझे मत आहे. आपली ओळ तीन मजल्यांची. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळे करते ती शिरोरेषेपाशी उरलेली एक फट किंवा गाठ. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात पोटातली एक तिरपी रेघ. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ प्रत्यक्षाहून जाड भासते. सलग शिरोरेषा फुगते आणि तिच्या डोक्यावरच्या बिंदूला गिळू पाहते. चिता आणि चिंता यांत एका बिंदूचा फरक, हे आपण सुभाषितासारखे म्हणत आलो. अंधारात काळ्या पडद्यावर तो अक्षरशः अनुभवता येतो. संदर्भावरून मेंदू शब्द सावरून घेतो, पण सावरण्याचे श्रम होतातच, आणि कविता वाचताना संदर्भाची ती मदतही पुरेशी नसते. डार्क मोड वापरायचाच असेल तर ठळक टाइप टाळावा, काळ्याऐवजी गडद करडी पार्श्वभूमी घ्यावी, ओळींतली जागा वाढवावी.

खरे तर पट्टीला हात लावण्यापूर्वी अक्षर मोठे करावे. उजेड कमी झाला की बारीक तपशील आधी हरवतो, ठळक उशिरा. पोथी लिहिणाऱ्यांना हे शास्त्र न शिकता कळले होते. चौदा पॉइंटचे अक्षर अठरा केले तर कितीतरी कमी उजेडात भागते. अडचण येते ती स्कॅन केलेल्या जुन्या अंकांची. तिथे कागद करडा, शाई विटलेली, आणि पान म्हणजे एक छायाचित्रच. अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते. अशा प्रतींसाठी फोन आडवा धरून एकेक रकाना पाहणे, आणि पडदा कागदापेक्षा थोडा उजळ ठेवणे, एवढेच हाती आहे. शक्य असेल तर त्या दिवसा वाचाव्यात.

झोपेविषयी बरेच लिहिले जाते, म्हणून थोडक्यात. डोळ्यांत आणखी काही पेशी अशा आहेत की ज्या पाहण्याचे काम मुख्यत्वे करत नाहीत, शरीराला दिवस आहे की रात्र एवढे कळवतात. निळसर प्रकाशाने त्या अधिक चेततात आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला अडवतात. बॉस्टनच्या एका रुग्णालयातील संशोधकांनी बारा जणांना पाच-पाच रात्री, झोपण्यापूर्वी चार तास, कधी पडद्यावर तर कधी छापील पुस्तक वाचायला लावले. पडद्याच्या रात्री मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा वाढले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा दाखला सगळे देतात, पण त्यात पडदा पूर्ण उजेडावर ठेवला होता आणि खोली मंद होती, हे क्वचितच सांगतात. पडदा पिवळा करणाऱ्या ‘नाइट लाइट’सारख्या सोयींवर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये आयफोनची तशी सोय तपासली, तेव्हा झोपेत लक्षणीय फरक आढळला नाही. उजेड कमी करणे हे रंग बदलण्यापेक्षा महत्त्वाचे दिसते. पिवळा पडदा मात्र पिवळ्या दिव्याच्या खोलीत डोळ्यांना बरा वाटतो, त्यासाठी तो खुशाल ठेवावा.

काहींना पट्टी बरोबर ठेवूनही डोके दुखते. ओएलईडी प्रकारचे बरेच पडदे मंद होताना खरोखर मंद होत नाहीत, सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा चालू-बंद होतात आणि बंदचा काळ वाढवतात. डोळ्यांना ते उघड दिसत नाही, काहींच्या मेंदूला जाचते. पट्टी खाली नेऊन पडद्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी हलवा. तिच्या सलग सावलीऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तुमचा पडदा तसा आहे. अशा वेळी पट्टी थोडी वर ठेवून ‘एक्स्ट्रा डिम’ने उजेड कमी करणे काहींना मानवते. चुरचुरणाऱ्या डोळ्यांचे कारण तर अनेकदा उजेड नसतेच. पडद्यात गुंतलो की पापण्या नेहमीच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी लवतात, आणि डोक्यावर पंख्याचा झोत असतो.

आता या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. देगलूरसारख्या गावात एका खोलीत तीन पिढ्या झोपतात अशी घरे पुष्कळ आहेत, आणि फोन दोघा-तिघांत एक. २०२० च्या टाळेबंदीत शाळा त्याच फोनमधून घरात आली. परीक्षेची तयारी करणारी मुलगी सगळे निजल्यावर पांघरुणात फोन घेऊन वाचते, पट्टी तळाला, कारण बाकीच्यांची झोप मोडू नये. पांघरुणाच्या आत मात्र शून्य लक्स आहेत. तिथे तळाची पट्टीही झगझगीत आहे आणि अंतर वीतभर. हिला ‘असे वाचू नको’ म्हणणे म्हणजे वाचूच नको म्हणण्यासारखे. तिला पांघरुणाबाहेर, भिंतीकडे तोंड करून बसता येईल एवढा कोपरा आणि तो तीन वॅटचा दिवा, जमिनीलगत, निजलेल्यांच्या पाठीमागे. भिंतीवर आपटून येणारा तेवढा उजेड कोणाला जागे करत नाही.

सकाळी तोच फोन आजीकडे जातो, हरिपाठासाठी. साठीतल्या माणसाची बाहुली आक्रसलेली असते आणि भिंग पिवळसर. विशीतल्या डोळ्याच्या मानाने त्याच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. ‘चाळिशी’ लागते ती जवळचे दिसेनासे झाल्याने, हे आपल्याला माहीत असते. उजेडही कमी पोचू लागतो, हे चष्मा देणारा सांगत नाही. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर भिंगात प्रकाश विखुरतो, म्हणून तिला अधिक उजेड हवा आणि चकाकी मात्र मुळीच सोसत नाही. नातीने रात्री लावलेली पट्टी तिच्या कामाची नाही.

इथे फोनचा शहाणपणा आड येतो. खोलीतला उजेड जोखणारा एक संवेदक पडद्याच्या वरच्या कडेला असतो, आणि ‘अ‍ॅडाप्टिव्ह ब्राइटनेस’ ही सोय वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी शिकत जाते: कोणत्या उजेडात त्याने पट्टी किती वर नेली, किती खाली. फोन एकाचा असेल तर ही सोय उत्तम. दोघी-तिघींनी वापरलेल्या फोनला ती सगळ्यांची सरासरी शिकवते आणि कोणाच्याच डोळ्यांना पुरेशी पडत नाही. अशा घरात ती बंद ठेवावी. हरिपाठाच्या वेळी फोन खिडकीजवळ, उजेड आजीच्या पाठीमागून येईल असा धरावा, अक्षर वाढवावे, मग पट्टी तिच्याच बोटाने सरकवू द्यावी. कागद शेजारी धरायला नात आहेच.